चित्राची चौकट आणि चित्रकणाची रुंदी

पुष्कळ घरांतून लग्नाची एखादी जुनी व्हिडिओ-कॅसेट जपून ठेवलेली असते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं मांडवांत टिपलेलें तें चित्रण, फीत कायमची खराब होण्यापूर्वीं, संगणकावर उतरवून घ्यावें असें घरांतील तरुण मंडळींच्या मनांत येतें. त्याप्रमाणें तें उतरविलें जातें आणि एके संध्याकाळीं सारें कुटुंब तें पाहावयास बसतें. संगणकाच्या पडद्यावर वधू कांहींशी उभट आणि ओढलेल्या चेहऱ्याची दिसते. तेंच चित्रण दिवाणखान्यांतील रुंद दूरचित्रवाणी-संचावर लावलें, कीं तीच वधू एकाएकीं स्थूल होते. औक्षणाचें तबक लंबगोल होतें. आणि शेजारीं उभे असलेले आजोबा, जे जन्मभर सडपातळ म्हणून प्रसिद्ध होते, ते अंगानें चांगलेच भरलेले दिसूं लागतात. कोणी हंसतें, कोणी कॅमेरावाल्यास नांवें ठेवतें, आणि विषय तेथेंच संपतो.

वस्तुतः कॅमेरावाल्याचा यांत कांहींही अपराध नसतो. फितीवर नोंदलेलें चित्र अगदीं बरोबर असतें. संगणकानें त्याला उभट केलें तें एका कारणानें, आणि रुंद पडद्यानें त्याला स्थूल केलें तें दुसऱ्या कारणानें. परंतु दोन्ही कारणांच्या मुळाशीं एकच विस्मरण असतें. चित्र किती कणांचें बनलें आहे हें यंत्राला ठाऊक असतें. त्यांतील प्रत्येक कण किती रुंद आणि किती उंच मानावयाचा, हें मात्र त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. चित्रकणाच्या रुंदीचें त्याच्या उंचीशीं असलेलें हें प्रमाण म्हणजे एक लहानसा अपूर्णांक आहे. पण त्याच्यामागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय आजोबांना त्यांचा खरा चेहरा परत देतां येत नाहीं.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेंत, थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेंत होतो. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत एडिसन यांचे साहाय्यक विल्यम केनेडी लॉरी डिक्सन यांनीं ईस्टमन यांच्या कारखान्यांत तयार होणारी ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म मधोमध उभी चिरून ३५ मिलिमीटरची पट्टी उपयोगांत आणली. पट्टीच्या दोन्ही कडांना छिद्रें पाडलीं आणि चार छिद्रांच्या उंचीएवढी एक चौकट धरली. छिद्रांच्या दोन रांगांमधील चित्राची जागा सुमारें एक इंच रुंद आणि चौकटीची उंची सुमारें पाऊण इंच. म्हणजे रुंदी चार, तर उंची तीन. हाताशीं असलेल्या पट्टीच्या मापांतून निघालेलें हें चारास तीन प्रमाण पुढें जगभर रूढ झालें. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत प्रेक्षकांसमोर आला, तो याच चौकटींतून.

चित्रपट बोलूं लागला तेव्हां या चौकटीवर पहिला आघात झाला. ध्वनीची रेघ पट्टीच्या एका बाजूस छापावी लागल्यामुळें चित्राची रुंदी कमी झाली आणि चौकट जवळजवळ चौरस बनली. अखेर १९३२ सालीं हॉलिवूडच्या चलच्चित्र अकादमीनें उंचीही थोडी कमी करून अकरास आठ असें प्रमाण ठरविलें. जुन्या चारास तीनच्या तें अगदीं जवळचें होतें. येथपर्यंत एक गोष्ट निर्वेध होती: पट्टीवर जसा चेहरा छापलेला असे, तसाच तो पडद्यावर दिसे. पट्टी हातांत धरून उजेडाकडे केली तरी वर्तुळ हें वर्तुळच असे.

पट्टीवरील चित्र आणि पडद्यावरील चित्र यांच्यांत पहिली फारकत केली ती एका फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानें. त्यांचें नांव आन्री क्रेत्यां. १९२० नंतरच्या दशकांत त्यांनीं 'हायपरगोनार' नांवाचें एक भिंग तयार केलें. सामान्य भिंग आडवें आणि उभें असें दोन्ही दिशांना सारखेंच लहान-मोठें करतें; क्रेत्यां यांचें भिंग दृश्याला फक्त आडव्या दिशेनें दाबीत असे. त्यायोगें दुप्पट रुंद दृश्य नेहमींच्याच पट्टींत मावूं शके. पट्टीवर माणसें काठीसारखीं बारीक दिसत. पण चित्र दाखविणाऱ्या यंत्राला उलट गुणधर्माचें भिंग लावलें, कीं तें दाबलेलें दृश्य पुन्हां फुलून आपल्या मूळ रुंदीस येई. क्लोद ओतां-लारा या दिग्दर्शकानें या भिंगानें घेतलेला एक लघुपट १९३० सालीं पॅरिसमध्यें दाखविण्यांत आला, परंतु त्या वेळीं कोणीं त्याची विशेष दखल घेतली नाहीं.

वीस वर्षांनीं काळ बदलला. घरोघरीं दूरचित्रवाणी आल्यामुळें अमेरिकेंतील चित्रपटगृहें ओस पडूं लागलीं, आणि घरच्या लहान पडद्यावर जें मिळत नाहीं तें प्रेक्षकाला द्यावें म्हणून निर्माते रुंद पडद्याकडे वळले. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीनें क्रेत्यां यांच्या भिंगाचे हक्क घेतले, त्या पद्धतीस 'सिनेमास्कोप' असें नांव दिलें, आणि सप्टेंबर १९५३ मध्यें 'द रोब' हा चित्रपट न्यूयॉर्क येथें झळकला. भारतांत गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' हा १९५९ सालीं आलेला चित्रपट पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून ओळखला जातो. व्ही. के. मूर्ती यांनीं मुंबईंत टिपलेले त्यांतील प्रकाशाचे झोत हे पट्टीवर अर्ध्या रुंदींत दाबलेले होते.

या पद्धतींतच पुढच्या सगळ्या प्रकरणाची नांदी आहे. आरंभींच्या सिनेमास्कोप भिंगांत एक दोष होता. दूरची वस्तु तें बरोबर निम्म्यानें दाबी. परंतु नट कॅमेऱ्याच्या अगदीं जवळ आला, कीं दाब थोडा कमी पडे. इकडे दाखविणारें यंत्र मात्र सगळ्या चित्राला सरसकट दुपटीनेंच फुलवी. परिणामीं जवळून घेतलेले चेहरे गालांत सुजल्यासारखे दिसत, आणि चित्रपटांच्या धंद्यांतील लोकांनीं या व्याधीस 'सिनेमास्कोपचे गालगुंड' असें नांवच ठेवलें होतें! १९५० च्या दशकाच्या अखेरीस पॅनाव्हिजन कंपनीनें सुधारलेलीं भिंगें आणलीं तेव्हां हे गालगुंड उतरले. यावरून एक नियम स्पष्ट झाला: चित्र दाबण्यांत गैर कांहीं नाहीं, पण जेवढें दाबलें असेल, बरोबर तेवढेंच तें पुन्हां फुलविलें पाहिजे. दाब आणि फुलाव यांचा हिशेब चुकला, कीं त्याचा दंड माणसाच्या चेहऱ्याला भरावा लागतो.

दूरचित्रवाणीनें आपली चौकट चित्रपटाकडूनच घेतली होती, म्हणजे चारास तीन. पण तिचें चित्र निराळ्या रीतीनें घडत असे. तें एकाखालीं एक अशा आडव्या ओळींनीं विणलेलें असे. अमेरिकेनें १९४१ सालीं ५२५ ओळींची पद्धति स्वीकारली. युरोपच्या बऱ्याच भागांत पुढें ६२५ ओळींची पद्धति रूढ झाली. भारतांत दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरचित्रवाणीचा आरंभ झाला, तोही ६२५ ओळींनींच. यांतील सगळ्याच ओळी डोळ्यांना दिसत नाहींत. कांहीं ओळींचा वेळ यंत्राला खालून वर परत येण्यांत खर्च होतो. अमेरिकन पद्धतींत सुमारें ४८० आणि युरोपीय पद्धतींत ५७६ ओळी प्रत्यक्ष चित्राच्या असतात.

येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं उभ्या दिशेनें चित्राची मोजदाद होत होती, पण आडव्या दिशेनें मुळींच होत नव्हती. प्रत्येक ओळ म्हणजे विजेच्या दाबाचा एक अखंड चढउतार होता. एका ओळींत कण किती, असा प्रश्नच त्या काळीं उद्भवत नव्हता. आणि कणच मोजलेले नसल्यामुळें कणाची रुंदी किती, हाही प्रश्न नव्हता.

तो प्रश्न उत्पन्न झाला तो चित्राचें अंकांत रूपांतर होऊं लागल्यावर. अखंड ओळीवर ठराविक अंतरानें थांबत थांबत जावयाचें, प्रत्येक थांब्यावर प्रकाश किती आहे तें मोजावयाचें, आणि तो अंक लिहून ठेवावयाचा, अशी ही रीत आहे. त्या एकेका मोजणीस चित्रकण अथवा पिक्सेल म्हणतात. पिक्सेल हा शब्द छापून आला तो १९६५ सालीं, कॅलिफोर्नियांतील जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेंतील फ्रेड बिलिंग्स्ली यांच्या लेखनांत. पुढें पुष्कळांची अशी समजूत झाली, कीं पिक्सेल म्हणजे रंगाचा एक इवलासा चौरस. पिक्सार कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक असलेले अल्वी रे स्मिथ यांनीं १९९५ सालीं एक टिपण लिहून या समजुतीचें जोरदार खंडन केलें. त्यांच्या म्हणण्याप्रमाणें पिक्सेल ही एका बिंदूवर घेतलेली मोजणी आहे. तिला स्वतःचा आकार नसतो. असें असल्यामुळें कणाची रुंदी याचा खरा अर्थ आडव्या दोन थांब्यांमधील अंतर, आणि कणाची उंची याचा अर्थ उभ्या दोन ओळींमधील अंतर. हीं दोन अंतरें समान असलींच पाहिजेत असा निसर्गाचा कोठलाही कायदा नाहीं.

मग तीं समान कां ठेविलीं गेलीं नाहींत? याचें उत्तर जिनेव्हा येथें १९८२ सालीं झालेल्या एका आंतरराष्ट्रीय समेटांत आहे. अमेरिकेच्या ५२५ ओळी आणि युरोपच्या ६२५ ओळी असे जगाचे दोन तट पडले होते. रंगीत चित्रणाच्या पद्धतींनीं ही दरी आणखीच रुंद केली होती. अंकीय युगांत तरी दोन्ही तटांना एकच यंत्रसामुग्री वापरतां यावी, अशी अभियंत्यांची इच्छा होती. ओळींची संख्या बदलणें तर शक्य नव्हतें. लक्षावधि घरांतील संच त्या संख्येस बांधलेले होते. तेव्हां निदान एका ओळींतील मोजण्या तरी दोघांच्या सारख्या असाव्या असें ठरलें, आणि त्यासाठीं त्यांनीं शाळेंतल्या मुलांना ठाऊक असलेल्या युक्तीचाच आधार घेतला, ती म्हणजे लसावि.

अमेरिकन पद्धतींत सेकंदाला सुमारें १५,७३४ ओळी रेखल्या जातात, युरोपीय पद्धतींत १५,६२५. पहिल्या संख्येला १४३ नीं आणि दुसरीला १४४ नीं गुणिलें, कीं दोहोंचें उत्तर एकच येतें: साडेबावीस लक्ष. हा दोन्ही पद्धतींचा साधारण विभाज्य. सुबक चित्रासाठीं एवढ्या मोजण्या अपुऱ्या पडत, म्हणून त्याची सहापट घेतली. सेकंदाला १ कोटी ३५ लक्ष मोजण्या हा दर त्यांतून निघाला. त्या दरानें अमेरिकन ओळींत एकंदर ८५८ आणि युरोपीय ओळींत ८६४ मोजण्या बसतात, आणि चित्राचा भाग म्हणून दोहोंतूनही ७२० घेतल्या गेल्या. आंतरराष्ट्रीय रेडिओ सल्लागार समितीची ही ६०१ क्रमांकाची शिफारस. दोन भांडणाऱ्या पद्धतींना एका अंकाखालीं आणणारा हा समेट तांत्रिक इतिहासांतील एक शहाणपणाची गोष्ट समजली पाहिजे.

परंतु प्रत्येक समेटाची कांहीं किंमत असते, तशी याचीही होती. ५७६ ओळींचें चारास तीन चित्र चौरस कणांनीं भरावयाचें, तर प्रत्येक ओळींत ७६८ कण हवेत. ४८० ओळींच्या चित्राला ६४० पुरे. ठरलेल्या ७२० पैकीं कडेचे कांहीं कण ही केवळ मोकळी समास असते. जुन्या विद्युत्-चित्राची कड नक्की कोठें संपते याचा भरंवसा नसल्यामुळें ती सोडलेली होती. खरें चारास तीन चित्र सुमारें ७०४ कणांत बसतें. म्हणजे युरोपीय आणि भारतीय पद्धतींत ७६८ चौरस कणांचें काम ७०४ कणांना करावें लागतें. त्यासाठीं प्रत्येक कण उंचीपेक्षां रुंद, सुमारें १.०९ पट धरावा लागतो. अमेरिकन पद्धतींत उलट: ६४० च्या जागीं ७०४ कण दाटीनें बसतात, म्हणून प्रत्येकाची रुंदी उंचीच्या दहा-एकादशांश, म्हणजे ०.९१ पट. चौरस कण दोघांच्याही वांट्यास आला नाहीं.

दूरचित्रवाणीच्या यंत्रांना याचें कांहींच वाटलें नाहीं. ज्या दरानें मोजलें त्याच दरानें तीं चित्र पुन्हां रेखीत, त्यामुळें वर्तुळ गोलच राही. अडचण आली ती दुसऱ्या एका घराण्याकडून. संगणकाचा पडदा स्वतंत्रपणें वाढत होता. त्याच्याही आरंभींच्या काळांत चौरस नसलेले कण होते. पण १९८४ सालचा ॲपल मॅकिंटॉश चौरस कणांचा होता, आणि १९८७ सालीं आयबीएम कंपनीनें आणलेल्या व्हीजीए पद्धतींत ६४० गुणिले ४८० असे बरोबर चारास तीन चौरस कण होते. अक्षरें आणि आकृत्या काढणाऱ्यास चौरस कणच सोयीचे, म्हणून संगणकाच्या जगांत कण म्हणजे चौरस हें गृहीतच झालें.

१९९५ सालीं डीव्ही नांवाच्या लहान अंकीय कॅसेटचे कॅमेरे बाजारांत आले आणि पुढच्याच वर्षीं डीव्हीडी आली. दोन्ही ६०१ च्या वंशांतील, ७२० कणांच्या. एका तारेनें कॅमेरा संगणकाला जोडावा आणि घरच्या घरीं चित्रणाचें संकलन करावें, ही सोय सामान्य माणसाला प्रथमच मिळाली. पण या तारेच्या एका टोकास आयताकृति कण होते आणि दुसऱ्या टोकास चौरस. ७२० गुणिले ५७६ हे कण चौरस समजून मांडले, कीं चित्राची रुंदी शेंकडा साडेआठांनीं घटते. आरंभीं सांगितलेल्या वधूचा चेहरा संगणकावर ओढलेला दिसला, तो यामुळें.

आणि ती रुंद पडद्यावर स्थूल कां झाली? त्याचें कारण सोळास नऊ या नव्या चौकटींत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील अभियंते कर्न्स पॉवर्स यांनीं त्या वेळीं प्रचारांत असलेल्या निरनिराळ्या चौकटी समान क्षेत्रफळाच्या काढून एकमेकींवर ठेविल्या. त्या सर्वांना सामावून घेणारी बाहेरची चौकट आणि त्या सर्वांत सामाईक असलेली आंतली चौकट, या दोहोंचें प्रमाण जवळजवळ सोळास नऊच आलें. हेंही समेटाचेंच प्रमाण, आणि आज घराघरांतील पडदे त्याच प्रमाणाचे आहेत. चारास तीन चित्र अशा पडद्यावर कडेपासून कडेपर्यंत ताणलें, कीं प्रत्येक वस्तु जवळजवळ एक-तृतीयांशानें अधिक रुंद होते. सिनेमास्कोपचे गालगुंड पुन्हां वर आले, ते आतां दिवाणखान्यांत!

याच्याही पुढची गुंतागुंत अशी, कीं रुंद चित्रासाठींही डीव्ही आणि डीव्हीडी यांनीं कणांची संख्या वाढविली नाहीं. क्रेत्यां यांच्या भिंगानें जें केलें तेंच त्यांनीं अंकांत केलें: सोळास नऊ दृश्य त्याच ७२० कणांत दाबून बसविलें. त्यामुळें ७२० गुणिले ५७६ या एकाच संख्येचे दोन अर्थ झाले. एका अर्थीं प्रत्येक कण १.०९ पट रुंद, दुसऱ्या अर्थीं सुमारें १.४६ पट. यांपैकीं खरा कोणता, हें सांगणारी एक बारीकशी खूण चित्रणाबरोबर नोंदलेली असते. ती खूण कोठें गळली, कीं यंत्र अंदाज करूं लागतें. २००३ सालच्या एचडीव्ही पद्धतींतही हेंच धोरण होतें. तिच्या १०८० ओळींच्या प्रकारांत १,९२० ऐवजीं १,४४० कणच नोंदीत आणि प्रत्येक कण एक पूर्णांक एक-तृतीयांश पट रुंद मानीत. मात्र १,९२० गुणिले १,०८० हें जें पूर्ण मानाचें चित्र पुढें सर्वत्र रूढ झालें, त्याचे कण चौरस आहेत. त्यामुळें नव्या चित्रणापुरता हा प्रश्न बहुतांशीं मिटला आहे. जुन्या चित्रणाला मात्र तो कायमचा चिकटलेला आहे.

संकलकानें या बाबतींत काय करावें, हें या इतिहासांतूनच निघतें. प्रथम चित्रणाची जात ओळखावी: ओळी ५७६ कीं ४८०, आणि चौकट चारास तीन कीं सोळास नऊ. खूण हरवली असेल, तर चित्रांतच साक्षीदार शोधावा. भिंतीवरचें घड्याळ, ताट, गाडीचें चाक, समोरून दिसणारी कोणतीही गोल वस्तु हा उत्तम साक्षीदार होय. मग संकलनाच्या सॉफ्टवेअरला कणाचें योग्य प्रमाण सांगावें. असें सांगण्यानें चित्राच्या एकाही कणास धक्का लागत नाहीं. फक्त तो कसा वाचावयाचा एवढेंच बदलतें. मूळ चित्रण ताणून किंवा दाबून नव्यानें लिहिणें हा निराळा व्यापार आहे, कारण त्यांत कण पुन्हां घडविले जातात आणि प्रत्येक वेळीं थोडा बारकावा नष्ट होतो. म्हणून सारें संकलन मूळ मापांतच करावें आणि रूपांतर शेवटीं एकदांच करावें.

मध्येंच घालावयाचीं नांवाचीं अक्षरें, छायाचित्रें आणि आकृत्या मात्र संगणकावर चौरस कणांनीं काढलेल्या असतात. त्यांचेंही प्रमाण सॉफ्टवेअरला ठाऊक असावें लागतें, नाहीं तर माणसें नीट आणि अक्षरें वांकडीं असा प्रकार होतो. जुन्या चित्रणांत आणखी एक सावधगिरी लागते. त्यांतील सम आणि विषम ओळी निरनिराळ्या क्षणीं टिपलेल्या असतात. त्या वेगळ्या न करतां चित्राची उंची बदलली, तर हालणाऱ्या हाताला दांतेरी कडा येतात. अखेर जुनें चारास तीन चित्र नव्या पडद्यासाठीं तयार करावयाचें, तर १,०८० उंचीला १,४४० रुंदी द्यावी आणि दोन्ही बाजूंस २४० कणांच्या काळ्या पट्ट्या सोडाव्या. पुष्कळांना या पट्ट्या खटकतात. दाम देऊन घेतलेला पडदा रिकामा कां ठेवावा, असें त्यांना वाटतें. पण त्या पट्ट्या म्हणजे चित्रांतील उणीव नव्हे. त्या जुन्या चौकटीच्या कडा आहेत.

या अपूर्णांकाविषयीं तज्ज्ञांचाही हात पुष्कळ वर्षें थोडा चुकत होता. अडोबी कंपनीच्या संकलन-सॉफ्टवेअरांत युरोपीय कणाचें प्रमाण दीर्घकाळ १.०६७ धरलेलें होतें. सगळे ७२० कण मिळून चारास तीन चित्र होतें, अशा समजुतीचा तो आंकडा. कडेच्या समासाचा विचार करून २००८ सालच्या आवृत्तींत तो १.०९४ करण्यांत आला. फरक शेंकडा अडीचांचा, साध्या डोळ्यास क्वचितच कळणारा. तरीही तो दुरुस्त करण्यांत आला, यावरून या विषयाकडे जबाबदारीनें पाहणारीं माणसें आहेत हें दिसून येतें.

ही जबाबदारी घरगुती कॅसेटपुरतीच नाहीं. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. अशा संस्थांमुळें जुने चित्रपट टिकतात. पण ते पुढच्या पिढीला कोणत्या आकारांत दिसतील, हें शेवटीं प्रत दाखविणाऱ्याच्या हातीं असतें. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम', ज्याचा १९३७ सालीं व्हेनिस येथें गौरव झाला, तो जवळजवळ चारास तीन चौकटीसाठीं रचलेला आहे. तो रुंद पडद्यावर ताणला, तर विष्णुपंत पागनीस यांची कृश, विरक्त मुद्रा एखाद्या सुखवस्तु गृहस्थासारखी दिसूं लागेल. वरून आणि खालून कापला, तर चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा जाईल. तुकोबांची विरक्ति त्या चेहऱ्यांतून दिसली नाहीं, तर पुढील पिढी ती नटाची उणीव समजेल. यंत्राची चूक माणसाच्या खात्यावर मांडली जाते, आणि कालांतरानें तोच इतिहास होऊन बसतो.

डिक्सन यांनीं फिल्म चिरली, क्रेत्यां यांनीं दृश्य दाबलें, जिनेव्हाच्या अभियंत्यांनीं दोन जगांसाठीं एकच संख्या निवडली. प्रत्येकानें आपल्या काळच्या साधनांत मावेल तेवढें चित्र मावविलें, आणि तें पुन्हां उलगडावयाचें कसें याचा हिशेबही मागें ठेविला. हा हिशेब हरवूं न देणें एवढेंच पुढच्यांचें काम आहे. लग्नाच्या त्या चित्रणाला कणाचें योग्य प्रमाण सांगण्यास मिनिटभरही लागत नाहीं. तेवढें केलें, कीं औक्षणाचें तबक पुन्हां गोल होतें, वधू आपल्या खऱ्या रूपांत समोर येते, आणि आजोबा, जे आज हयात नसतील, ते जसे होते तसेच, सडपातळ आणि ताठ, मांडवाच्या कडेला उभे असलेले दिसतात.